कोरडी जमीन

आंबीच्या माळावर नव्या कारखान्यांतल्या नोकरदारांसाठी चार मजली फ्लॅट बांधता येतील का, हे पाहायला इंजिनीयर आला. कोरडी जमीन कुणी घेणार नाही, या समजुतीनं माळावरच्या वाडीतल्या कोंडूआबांनी आदल्या दिवशीच तिथल्या झऱ्यावर धोंडा सरकवला होता. “हितं थेंबबी न्हाई, सायेब.” वाडीनं कागदावर तसे अंगठे उठवले. इंजिनीयर खूश झाला. “पाणी नदीवरून आणू. इमारतीला कोरडीच जमीन लागते. ओल असती तर जागा सोडली असती.” आबांनी धावत जाऊन पहारीनं धोंडा उलथला. “लबाड बोललो, सायेब! ह्यो बघा झरा!” इंजिनीयरनं झरा पाहिला, मग हातातला कागद. “कागदावर जमीन कोरडी आहे, आबा. एवढ्याशा पाण्याला दोन पोती सिमेंट पुरे.” आबांची म्हातारी हंडा घेऊन झऱ्याशी बसली. चैत्रात एका वेळी करवंटीभरच पाणी साठतं; हंडा भरेपर्यंत इंजिनीयर थांबला.