निळ्या फुलाचा कप

राखी आणि समता आर्मेनियात डॉक्टरकी शिकतात. सुट्टीत सोनाळ्याला आल्या, तरी राखीच्या ओसरीवर भाषेच्या पेपराची घोकंपट्टी चालूच. “डिस्टिंग्विश, म्हणजे फरक ओळखणे. रशियनमध्ये रझ्लिचात, आर्मेनियनमध्ये तारबेरेल.”

“फरक ओळखाले एवढे शब्द कायले लागतात बाप्पा?” चहा देताना राखीची आई पुष्पाबाई हसायची.

घरच्यांचे कप पांढरे. समताचा तेवढा निळ्या फुलाचा. तिच्या कपात घरचं कोणी चहा पीत नसे. तो धुऊन मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा पालथा पडायचा. राखी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन गुपचूप जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी चहा उतू गेला, तरी पुष्पाबाई फळीसमोर उभीच. पांढरे कप गायब, आणि निळ्या फुलाचे सहा कप एका ओळीत.

“राखे, यातला समताचा कोनता वं?”

ओसरीवरून राखी ओरडली, “आम्ही त्याच शब्दावर अडून राह्यलो, आई! तुले ओळखू आला, त आमालेबी शिकवजो.”