सर्वांत जुनी गाडी

बिनगिअरच्या त्या छोट्या दुचाकीचं मॉडेल बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणून सुरतच्या एका शोरूमनं सर्वांत जुन्या चालू गाडीच्या मालकाचा सत्कार ठेवला. मान लिंबायतच्या बाजीरावांना मिळाला, कारण कागदपत्रं त्यांच्या नावावर होती. याच गाडीवर पर्वत पाटियाहून साड्यांचे गठ्ठे आणून, घरी त्यांना खडे चिकटवून, त्यांच्या बायकोनं, रंभाबाईंनी, दोन मुलं शिकवली होती. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

"शिकायला एकदम सोपी गाडी," खांद्यावरची शाल सावरत बाजीराव माइकवर म्हणाले. "आमच्या हिला मीच शिकवली. आधी फार घाबरायची!"

रंभाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. मैदानात एकटीनं पडत-उठत शिकताना सोललेले गुडघे त्यांना आठवले.

"तेव्हा हे होते कुठं?" त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या.

"काका, आता एक चक्कर मारून दाखवा ने!" शोरूमच्या गुजराती मालकानं किल्ली पुढं केली. टाळ्या वाजल्या, मोबाइल वर झाले. बाजीराव गाडीवर बसले, किल्ली फिरवली, इकडं-तिकडं बघितलं आणि घामाघूम होऊन बायकोला हातानं जवळ बोलावलं.

"अगं, ही चालू कशी करायची?"

रंभाबाईंनी हँडल हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,



"सरका मागं. पंचवीस वर्षं जिथं बसलात, तिथंच बसा."