सवतीचं कुंकू

नातवंडं जुन्या विमानांकडे धावली. कुमुदताईंचे यजमान, नाना, मात्र तडक मोटारींच्या दालनात शिरले. स्वारी कुणाला भेटायला आली आहे, हे कुमुदताईंना पक्कं ठाऊक होतं.

ती दोरीपलीकडे उभी होती, नानांची हिरवी मॉरिस. मुलाने गेल्या वर्षी ती या संग्रहालयाला देऊन टाकली, तेव्हा कुमुदताईंनी गुपचूप देवापुढे साखर ठेवली होती. चाळीस वर्षं ही सवत दारात नांदली. रोज सकाळी हिला न्हाऊमाखू घालणार, बायकोशी मात्र "चहा झाला का?" याखेरीज शब्द नाही. आणि दर दसऱ्याला हिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं ते कुमुदताईंनीच, दातओठ खात.

"कशी आहेस गं?" नाना हळूच म्हणाले. गाडीला! इतका मऊ आवाज कुमुदताईंच्या वाट्याला नवी नवरी असतानाही आला नव्हता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं काय आहे हिच्यात, बघूच, म्हणून त्या दोरीजवळ गेल्या.

बॉनेट आरशासारखं लखलखत होतं. कुंकवाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

"हिचं कुंकू कुणी पुसलं?"

"पॉलिश केलंय, आजी," रखवालदार म्हणाला.

कुमुदताईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि त्या वाकून दोरीखालून आत शिरल्या.

"अहो आजी, हात लावायचा नाही!"

"गप रे," डबीत बोट बुडवत त्या कडाडल्या, "धनी जिवंत आहे अजून हिचा!"