फोड कुठे येणार?

चार दिवस ऊन नव्हतं, आणि महिला मंडळाच्या वाळवणघरातले दोनशे किलो उडदाचे पापड अजून ओलसर होते. भिंतीपलीकडचे संगणक विचार करताना तापत आणि त्या उष्णतेवर पापड वाळत. पण यंदा आलेले नवे संगणक इतके काटकसरी होते, की साध्या प्रश्नांनी ते कोमटही होत नसत.

"काहीतरी अवघड विचारा गं," अध्यक्ष कुसुमकाकू म्हणाल्या. "आज वाळले नाहीत तर बुरशी धरेल."

कुणी पुढच्या आठवड्याचं हवामान विचारलं, कुणी लेकीच्या लग्नाचा मुहूर्त. उत्तरं पटापट आली. भिंत गारच राहिली.

मग पापड उलटणारी हौसा पुढे आली. लहानपणापासून घरात तिला 'पुरे झाले तुझे प्रश्न' एवढंच उत्तर मिळालं होतं. तिने मागच्या खेपेचे दोन पापड चहाच्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर भाजले आणि भिंतीवरच्या संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरले.

"पीठ एक, आच एक. मग दोघांना फोड वेगवेगळ्या जागी का येतात?"

संगणक विचार करू लागला. हळूहळू भिंत इतकी तापली, की हात ठेववेना.

दिवेलागणीपर्यंत पापड खडखडीत वाळले. तेव्हा कुठे संगणक बोलला, "मला अजून कळलेलं नाही. हौसाताई, आणखी एक भाजून दाखवता?"

हौसाने चिमटा उचलला. 'पुरे आता' हे कुसुमकाकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खाली बसल्या आणि त्यांनी निखाऱ्यांवर फुंकर घातली.