सराव=नाही

धरणाचे दरवाजे चाळीस मिनिटांत उघडावेच लागणार होते. तिने ब्राउझरमध्ये धोक्याचा मेसेज पाठवायचा पत्ता टाइप केला, त्यात नदीकाठच्या सात गावांचे क्रमांक घातले, प्रश्नचिन्हापुढे लिहिलं ‘सराव=नाही’ आणि एन्टर दाबलं. गेल्या महिन्यात तालमीच्या वेळी तिथे ‘सराव=हो’ लिहिलं होतं. तेव्हा सगळं सुरळीत झालं होतं.

शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअर साहेबांचा मोबाइल वाजला. “पाणी सोडत आहोत, घरं सोडा. हा फक्त सराव आहे.” त्यांनी वर पाहिलं. “मॅडम, सराव कसा काय?”

तिने टाइप केलेला पत्ता पुन्हा वाचला. कोड तिचाच होता. पत्त्यात ‘सराव’पुढे काही लिहिलंय का, एवढंच तो बघायचा, काय लिहिलंय ते बघतच नव्हता. ‘नाही’ लिहिलं काय नि ‘हो’ लिहिलं काय, त्याला सारखंच.

तिने पत्त्यातला ‘नाही’ खोडला, मेसेज पुन्हा पाठवला आणि पहिल्याच गावात राहणाऱ्या आईला फोन लावला.

“आई, टेकडीवर जा! आत्ताच्या आत्ता!”

“अगं, घाबरतेस काय? वाचला की तुझा मेसेज.” मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. “धरणाचा भोंगा ऐकून अख्खी आळी निघाली होती, पोराबाळांसकट. मीच सगळ्यांना परत फिरवलं. म्हटलं, माझ्या लेकीनं बनवलंय ते, चुकायचं नाही.”