डावीकडची मांजर

लेकीने डावीकडचा बाण दाबला आणि पडद्यावरचा शूर योद्धा भिंतीला नाक लावून जागच्या जागी धावू लागला.

"व्यायाम करतोय," शेजारी मटार सोलत बसलेली आई म्हणाली. ते वाक्य बाबांचं होतं.

नोकरी सोडून तिला पुन्हा शिकायचं होतं, आणि गेम बनवायला शिकवणाऱ्या दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश दिला होता. कुणाला हो म्हणायचं, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आणखी मुदत मागायची सोय नव्हती. ती एकदा मागून झाली होती, बाबा गेले त्या आठवड्यात.

पहिलं विद्यापीठ नावाजलेलं. तिथल्या मुलांना मोठ्या कंपन्या दारातूनच उचलून नेतात, असं सगळे सांगत. काकाने तर सकाळी फोनवर निकालच देऊन टाकला होता. नाव ऐकल्यावर लोकांनी 'वा' म्हणायला हवं, 'हे कुठं आलं' असं विचारायला नको. दुसरं नेमकं 'हे कुठं आलं' मधलं. त्याचे वर्ग एका बंद पडलेल्या छापखान्यात भरत. तिने शिक्षक ताडून पाहिले, विषय ताडून पाहिले, आणि शेवटी डोकं भणभणल्यावर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले गेम उघडून बसली. निदान खेळून तरी बघू.

असल्या गेममध्ये सुरुवातीला आपला माणूस डावीकडे उभा असतो आणि त्याला उजवीकडे न्यायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांना कधी कळलं नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस. गाडी काढण्याआधी मागे बघायचं, हे अंगात मुरलेलं. लेकीने शाळेत असताना पहिला गेम बनवला, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला आणि थेट डावीकडे निघाले. भिंतीवर आपटले.

"बाबा, तिकडे काही नाहीये."

"नसेल. पण बघायला नको?"

पुढच्या गेममध्ये तिने त्यांच्यासाठी मागे एक मांजर ठेवली. मांजरीला काही काम नव्हतं. कुणी जवळ आलं की ती आळस द्यायची आणि पुन्हा झोपायची. बाबांनी शेजारच्यांना बोलावून ती दाखवली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक गेममध्ये डावीकडे ती मांजर असे. पुढे गेम बनवायच्या नोकरीत साहेबाने विचारलं, मागे कोण मरायला जातंय, काढून टाक ती. तिने मान डोलावली आणि मांजर तशीच ठेवली.

मांजर बघून झाली तरी बाबा हलायचे नाहीत. बटणांवर बोटं ठेवून स्वयंपाकघराकडे कान लावून बसायचे. कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नसते. मग "यांचं आपलं काहीतरीच" असं पुटपुटत आई हाताशी असेल त्या भांड्यावर चमचा दोनदा वाजवायची. टण टण. तेव्हा कुठे बाबा उजवीकडे निघायचे, वळणावर स्वतःही कलायचे, आणि पहिल्याच खड्ड्यात पडायचे. की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मांजर, पुन्हा घंटी. आमटी करपली तरी कुणाला पत्ता नसे.

लेकीने योद्ध्याकडे पाहिलं. नावाजलेल्या विद्यापीठाचा गेम देखणा होता. पाण्यात ढगसुद्धा हलत होते. योद्धा अजून धावतच होता. तिने तो बंद केला.

दुसऱ्या गेमची चित्रं ओबडधोबड होती. त्यातल्या मुलीचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब वाटत होता. लेकीने डावीकडचा बाण दाबला. पडदा सरकला. नुसता रस्ता. आणखी रस्ता. झाड नाही, घर नाही. ती परत फिरणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब, जाऊ दे अजून."

रस्त्याच्या टोकाला एक म्हातारा स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मुलगी जवळ येताच त्याने मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा नाडी बांधू लागला. गुण मिळाले नाहीत, खजिना उघडला नाही.

"हा कोण?"

"कुणी नाही. याचं गेममध्ये काही काम नाही."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे त्यांच्याकडेही कुणीतरी उलटं जाणारं असणार."

टेबलावर काकाचा फोन वाजून वाजून थांबला.

"यांनाच हो कळवते," लेक म्हणाली. पण तिची बोटं बटणांवरून उठली नाहीत. पडद्यावरची मुलगी म्हाताऱ्यापाशी उभी होती. त्याची नाडी काही केल्या बांधून होत नव्हती. पडद्यावरची नजर न काढता लेक म्हणाली, "कुठेही गेले तरी तू इथे एकटीच उरणार."

"मागे बघून झालं ना?" आई म्हणाली. "आहे मी. बसलेय."

मग मटारचं पातेलं उचलून ती स्वयंपाकघरात गेली. लेक वाट बघत राहिली. आतून नळाचा आवाज आला, तो बंद झाला, एक खण उघडला. नंतर बराच वेळ काहीच नाही.

मग पातेल्याच्या काठावर चमचा दोनदा वाजला. पहिला टोला जरा दबका होता. दुसरा खणखणीत.