शून्याच्या अलीकडची रेघ

"चोवीस," भाची म्हणाली आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

मामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. चाचणीत आकडा पंचवीसच्या खाली गेला की इंजिन भंगारात, हा नियम त्याला पाठ होता. इंजिन भंगारात गेलं की त्याची नाव बंद. मग नदीपलीकडच्या गावाला दवाखाना, शाळा, बाजार, सगळ्यासाठी पुलावरून दोन तासांचा वळसा. एक टक्का म्हणजे काय चीज असते, ते त्याला आज कळत होतं.

"चोवीस म्हणजे काय, ते मला समजेल असं सांग."

"इंजिनाने तेलाचे शंभर घास खाल्ले, त्यातले चोवीस अंगी लागले. बाकीचे धुरात गेले, गरम पाण्यात गेले. चांगल्यातलं चांगलं इंजिनही निम्मं वायाच घालवतं, मामा."

मामा इंजिनाकडे बघत राहिला. चाचणीच्या खोलीत, सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळलेलं ते इंजिन नावेतल्यापेक्षा लहान दिसत होतं. इतकी वर्षं त्याने ज्याला बैलासारखं दणकट मानलं, ते चोवीस घासांवर सगळं गाव ओढत होतं.

"पुन्हा मोज," तो म्हणाला.

"तीनदा मोजलं."

"मग एक इकडचा तिकडे कर. तुझ्या हातातच आहे की पेन्सिल."

"आकड्याला मामा नसतो."

बोलून गेली आणि तिलाच ते लागलं. खोटं लिहिणं तिच्याच्याने होणार नव्हतं, आणि खरं लिहायला हात उचलत नव्हता. काहीतरी करायचं म्हणून तिने आलेखाचा कागद पुढे ओढला. कमी भाराला किती तेल, जास्त भाराला किती, असे सकाळपासूनच्या मापांचे पाच ठिपके मांडले. पट्टी लावली. पाचही ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रांगेत आले. तिने रेघ ओढली, आणि ती शून्यापाशी न थांबवता डावीकडे तशीच पुढे नेली.

"अगं, भार शून्य झाला की संपलं ना? शून्याच्या अलीकडे काय असतं?"

"इंजिनाला नुसतं स्वतःला फिरवायला लागणारी ताकद. ती बाहेर येतच नाही, मग काट्यावर कशी दिसणार? ही रेघ तेवढी सांगते."

रेघ शून्याच्या डावीकडे, तळाच्या आडव्या रेघेवर साडेचारावर जाऊन टेकली. भाची थबकली. तिने इंजिनाचं जुनं पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे तीन होते.

"दीड किलोवॅट जास्त. मामा, याच्या ताटात दुसरं कोणीतरी जेवतंय."

ती उठली आणि इंजिनाभोवती हळूहळू फिरली. मागच्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली एक पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला पंप.

"हा इंजिन थंड ठेवायचा पंप ना? मी सकाळपासून तसंच धरून चालले."

"छे! तो पलीकडचा. हा नावेत शिरलेलं पाणी उपसायचा."

"इथे नाव कुठाय?"

मामाने जीभ चावली. पंप कोरडा फिरला तर जळतो, म्हणून त्याचा पाइप सकाळी त्यानेच टाकीत सोडला होता. इतक्या वर्षांची सवय. या पंपाशिवाय इंजिन चालू करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन बिचारं इकडे परीक्षा देत होतं आणि तिकडे टाकीतलं पाणी टाकीतच ओतत होतं.

पट्टा काढला. इंजिन पुन्हा सुरू झालं. तेवढंच तेल, तेवढाच वेग, पण भाराचा काटा वर चढला. भाचीने त्याच कागदावर पुन्हा पाच ठिपके मांडले, पुन्हा रेघ ओढली. ती बरोबर तिनावर टेकली. मग तिने मोठा भागाकार केला आणि दोनदा तपासला.

"सत्तावीस. पास."

मामा हसला नाही. त्याने तेलकट बोट कागदावर, शून्याच्या अलीकडे, त्या तिनाच्या ठिपक्यावर ठेवलं. देवळात ठेवावं तसं हळूच.

"जागेवर बसून कळलं तुला? इंजिन न खोलता?"

"रेघेला कळलं."

"धन्य आहे गं बाई तुझ्या रेघेची," तो पुटपुटला. मग पाना उचलून चौथऱ्यामागे वाकला आणि पट्टा परत चढवू लागला.

"पुस्तकातल्या चित्रात हा पंप नाहीच. कधी बसवलास?"

"तू नावेने शाळेत जायला लागलीस त्या साली. जुन्या नावेचा तळ गळायचा. नवीन नाव मिळायला सहा वर्षं गेली."

"सहा वर्षं तू आम्हाला गळक्या नावेतून नेलंस?"

मामाने मान वर केली नाही. तो पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघत होता.

"तुझे मोजे कधी ओले झाले होते का?"

भाचीने खरंच आठवून पाहिलं. पांढरे मोजे, वीस-बावीस पोरं, फळीखाली कसलीतरी एकसारखी घरघर. मोजे एकदाही ओले झाले नव्हते.

चुकीची रेघ खोडायला तिने रबर हातात घेतलं होतं. साडेचार आणि तीन यांच्यामधल्या, पंपाच्या वाट्याच्या बोटभर रिकाम्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिने रबर परत डबीत ठेवलं.